वायसर बदलायला गेलो आणि भिंत फोडावी लागली

ठाण्याच्या एका वाचकांचे पत्र बरेच मोठे आहे. त्यातला मुख्य भाग त्यांच्याच शब्दांत, थोडा आटोपशीर करून देते.

"मी अठ्ठेचाळीस वर्षांचा असून एका कंपनीत हिशेबाचे काम पाहतो. आमची इमारत तीस वर्षांची आहे. गेल्या महिन्यात न्हाणीघरातला नळ ठिबकू लागला. प्लंबरने पाचशे रुपये सांगितले. माझे वडील वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर होते आणि ते असेपर्यंत आमच्या घरात कधी प्लंबर आला नाही. बाबा काम करायचे आणि मी बॅटरी धरून उभा राहायचो. त्यामुळे नुसत्या वायसरसाठी पाचशे रुपये देण्याची मला लाज वाटली. काही व्हिडिओ पाहिले, बाबांचा पाइप पाना माळ्यावरून काढला आणि रविवारी सकाळी कामाला लागलो. न्हाणीघरातला स्टॉप कॉक पूर्ण बंद होत नव्हता आणि नळाला बारीक धार राहत होती, पण तेवढी चालेल असे वाटले (पत्नी म्हणत होती की आधी वॉल्व्हचे बघा). नळाचा वरचा भाग काही केल्या हलेना, म्हणून जोर लावला, तर भिंतीतले निप्पलच, म्हणजे नळ ज्यावर बसतो तो पाइपाचा छोटा तुकडा, तुटले. घाबरून त्याच पान्याने स्टॉप कॉक आवळला, तर त्याचा दांडा तुटला आणि पाणी उसळले. वॉचमनला गच्चीवर आमच्या लाइनचा वॉल्व्ह लवकर सापडेना. तोवर पाणी पॅसेजपर्यंत आले आणि खालच्या घराच्या छताला ओल आली. दुपारपर्यंत आमच्या लाइनवरच्या सगळ्यांचे पाणी बंद होते. प्लंबरने टाइल फोडून काम केले आणि साडेचार हजार रुपये झाले. त्या गोंधळात, बादली धरून उभ्या असलेल्या माझ्या मुलाला मी नको ते बोललो. तो आता कामापुरतेच बोलतो. पत्नी हा किस्सा नातेवाइकांना रंगवून सांगते. लोक म्हणतात, अशा प्रसंगांतून माणूस शिकतो. बाबांच्या हाताला जे होते ते माझ्या हाताला नाही, याखेरीज मी काय शिकलो? हत्यारांची पेटी कुणाला तरी देऊन टाकावी का?"

पेटी देऊ नका. मात्र पेटीचा विचार करण्यापूर्वी एक काम उरकायला हवे. तुमच्या पत्रात पत्नी, मुलगा आणि वडील यांच्याविषयी पानेच्या पाने आहेत, पण ज्यांचे छत भिजले त्या खालच्या शेजाऱ्यांविषयी एकच वाक्य आहे. तुम्ही त्यांच्याकडे गेला होता की नाही, हे त्यातून कळत नाही. गेला नसाल तर हा अंक वाचून झाल्यावर जा आणि खर्च तुमचा आहे हे त्यांनी विचारण्यापूर्वी तुम्हीच सांगा. यात उपकाराचा भाग नाही. महाराष्ट्रातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामायिक पाइपांची गळती संस्थेने दुरुस्त करायची असते, तर सदनिकेच्या आतल्या न्हाणीघरातून आणि सिंकमधून होणारी गळती ही त्या सदस्याच्या खर्चाची बाब असते. फक्त रंगाऱ्याला लगेच बोलावू नका. भिजलेला गिलावा वरून कोरडा दिसला तरी आत बराच काळ ओला असतो आणि त्यावर घाईने रंग चढवला तर काही आठवड्यांत पिवळे डाग वर येतात किंवा रंग फुगून पोपडे सुटतात. ठाण्याच्या दमट हवेत ही वाट थोडी अधिक पाहावी लागते, हे शेजाऱ्यांना आधीच समजावून सांगा, म्हणजे तुम्ही टाळाटाळ करत आहात असे त्यांना वाटणार नाही.

आता त्या रविवारविषयी. तुम्ही काय शिकलात असे विचारता, तर प्रत्यक्ष काय घडले ते नीट पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर देता येणार नाही. आणि तुमच्या पत्रातला तपशील इतका चांगला आहे की ते पाहणे अवघड नाही.

सुरुवात ठिबकण्यापासून करू. सेकंदाला एक थेंब पडत होता असे समजा. दिवसाला ८६,४०० थेंब होतात आणि साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर ते सव्वाचार लिटरच्या आसपास जाते. म्हणजे दिवसभरात बादलीचा चौथा भाग. पाणी वाया जाऊ नये हे खरेच, पण नळाखाली बादली ठेवून तेच पाणी फरशी पुसायला वापरता आले असते आणि हे काम एक आठवडा, अगदी दोन आठवडेही थांबू शकले असते. त्या रविवारीच ते संपले पाहिजे अशी कोणतीही निकड नळाची नव्हती. निकड तुम्हाला होती आणि ती कुठून आली याकडे मी पुढे येते.

दुसरी गोष्ट स्टॉप कॉकची. वर्षानुवर्षे न फिरवलेला जुना वॉल्व्ह पूर्ण बंद न होणे हे नेहमीचेच आहे. त्याच्या बैठकीवर क्षार साठतात आणि आतला भाग मध्येच अडतो. पाण्याची धार बारीक झाली म्हणजे पाणी बंद झाले असे नव्हे. त्या धारेचा खरा अर्थ असा होता की आज हे काम सुरू करता येणार नाही. आधी गच्चीवरचा वॉल्व्ह कोणता ते शोधून तो बंद करावा लागेल, आणि त्यासाठी त्या लाइनवरच्या घरांना आदल्या दिवशी सांगावे लागेल. तुमच्या पत्नी नेमके हेच म्हणत होत्या. त्यांचे वाक्य तुम्ही कंसात घातले आहे. माझ्या मते तुमच्या संपूर्ण पत्रातले ते सर्वांत उपयुक्त वाक्य आहे आणि त्याला कंसातून बाहेर काढणे हा तुमच्या दुरुस्तीचाच एक भाग आहे. त्या वेळी तुम्हाला ते टोमण्यासारखे वाटले असेल. तसे असले तरी वाक्याचा मजकूर तांत्रिक होता आणि अचूक होता.

तिसरी गोष्ट निप्पल तुटण्याची. इथे थोडे थांबते, कारण हातात कसब नसल्याचा जो निष्कर्ष तुम्ही काढला आहे तो याच क्षणावर आधारलेला आहे. जुन्या पद्धतीच्या नळात दांड्याच्या टोकाला वायसर असतो आणि तो बदलण्यासाठी नळाचा वरचा भाग उलट्या दिशेने फिरवून सोडवावा लागतो. हा भाग उभ्या अक्षावर फिरतो, तर नळ भिंतीतल्या निप्पलवर आडवा बसवलेला असतो. वरचा भाग क्षारांनी घट्ट धरून बसला असेल, तर पान्याचा सगळा जोर नळाला बाजूला ढकलतो आणि निप्पलला वाकवतो. म्हणून जाणकार माणूस दुसऱ्या पान्याने नळाचे अंग घट्ट धरतो आणि मगच वरचा भाग फिरवतो, म्हणजे भिंतीपर्यंत जोर पोचत नाही. तुम्ही एकच पाना वापरलात. तोही लांब दांड्याचा आणि दातेरी, जो मुळात पाइप पकडण्यासाठी असतो. लांबी जितकी जास्त तितका तुमचा जोर वाढून निप्पलवर गेला.

त्यात निप्पल तीस वर्षांचे होते. लोखंडी जीआय पाइपावर जस्ताचा थर असतो, परंतु आटे पाडताना नेमक्या त्याच जागी तो थर निघून जातो आणि पाइपाची जाडीही कमी होते. पितळी नळाशी जोडलेले लोखंड पाण्याच्या संगतीत अधिक वेगाने गंजते. म्हणजे सगळ्यात पातळ, सगळ्यात उघडी आणि सगळ्यात गंजलेली जागा एकच, आणि ती भिंतीच्या आत, कुणाला न दिसणारी. वरच्या भागाला रात्रभर व्हिनेगरचे फडके गुंडाळून ठेवले असते तर क्षार थोडे सैल झाले असते आणि दुसरा पाना धरला असता तर धोका पुष्कळ कमी झाला असता. तरीही असे निप्पल अनुभवी प्लंबरच्या हातूनही तुटते. फरक इतकाच की त्याच्या पिशवीत तुटलेला तुकडा काढण्याचे साधन असते, नवे निप्पल असते, टेफ्लॉन टेप असते आणि त्याने पाणी आधीच पूर्ण बंद केलेले असते. त्याच्यासाठी तो एक जादा तास असतो. तुमच्यासाठी ती आपत्ती झाली, कारण पाणी चालू होते.

निप्पल तुटण्याच्या आधी संपूर्ण नळ किंचित बाजूला सरकल्यासारखा वाटला होता, असे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे. (वर देताना ती ओळ मी गाळली होती, कारण तिच्याविषयी वेगळे लिहायचे होते.) तो नळ जेव्हा हलला, तेव्हा कामाचा प्रकार बदलला. तोवर ते वायसर बदलण्याचे काम होते. त्यापुढे ते भिंतीतल्या पाइपाचे काम झाले. पहिले काम फसले असते तरी नळ पूर्वीसारखाच ठिबकत राहिला असता आणि संध्याकाळी प्लंबरला बोलावता आले असते. दुसरे काम फसले की मागे येता येत नाही. घरगुती दुरुस्तीत मला जी अक्कल महत्त्वाची वाटते ती हीच, की या दोन कामांमधली सीमा ओलांडताना ती आपल्याला जाणवावी, आणि जाणवल्यावर पाना खाली ठेवता यावा. तुमचा हात वाईट आहे असे मला त्या रविवारच्या हकिकतीत कुठेही दिसत नाही. नळ सरकल्याचे तुमच्या हाताला कळले होते. हाताने दिलेली खबर तुम्ही ऐकली नाही.

त्यानंतरची चूक पहिलीपेक्षा मोठी होती. निप्पल तुटले तेव्हा वाहत होती ती बारीकच धार होती, आणि न्हाणीघराला पाणी वाहून जायला जाळी असते. फडक्याचा बोळा दाबून, धारेखाली बादली लावून, शांतपणे वॉचमनला गच्चीवर पाठवता आले असते. तेवढ्या वेळात आतल्या भिंतीत थोडी ओल उतरली असती, पण पॅसेज कोरडा राहिला असता. ज्या वॉल्व्हने साध्या हाताने बंद व्हायचे नाकारले होते त्यावर पाइप पाना चालवणे हे भीतीचे काम होते. भीती वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या क्षणी मदत मागण्याऐवजी तुम्ही अधिक जोर लावला, आणि जोर लावण्याची ही सवय त्या सकाळी पाचशे रुपये नाकारण्यापासून सुरू झालेली होती.

इथे तुमच्या वडिलांकडे यावे लागते. त्यांच्याविषयी तुम्ही आदराने लिहिता, आणि ते योग्यच आहे, पण त्यांच्या कौशल्याकडे तुम्ही घराण्याच्या रक्तातून येणारी गोष्ट म्हणून पाहता. फिटर जन्माला येत नाही. आयटीआयमधला हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे आणि त्यात सुरुवातीचे कित्येक दिवस हातात कानस धरून लोखंडाचा तुकडा सपाट घासण्यात जातात; त्यानंतर कारखान्यात उमेदवारी, आणि मग रोजच्या आठ तासांची नोकरी. तुमच्या वडिलांनी नळावर पाना लावण्यापूर्वी हजारो आटे सोडवले आणि आवळले होते, आणि त्यांतले अनेक त्यांच्या हातूनही बिघडले असतील. फक्त ते कारखान्यात बिघडले, घरी तुमच्यासमोर नाहीत. शिवाय त्यांनी घरातली कामे केली तेव्हा पाइप नवे होते. वीस वर्षांपूर्वी जो वरचा भाग सहज सुटत होता, तो आज तीस वर्षांचे क्षार घेऊन बसला आहे. त्यांच्याशी तुमची तुलना करायची, तर तोच नळ दोघांच्या हाती द्यावा लागेल, आणि ते आता शक्य नाही. आज इमारत नवी असती तर भिंतीत बहुधा सीपीव्हीसी या प्लास्टिकचे, सॉल्व्हेंटने चिकटवलेले पाइप असते आणि नळात वायसरऐवजी सिरॅमिक चकत्यांचे कार्ट्रिज असते. बाबांच्या पेटीतली निम्मी हत्यारे तिथे उपयोगी पडली नसती. पाचशे रुपये देण्यात लाज वाटावी असे काही नव्हते. ती एका शिकलेल्या हाताची मजुरी होती, तुमच्या वडिलांना महिन्याच्या महिन्याला मिळत होती तशीच.

आणखी एक गोष्ट तुम्ही सहज लिहून गेला आहात: बाबा काम करायचे आणि मी बॅटरी धरून उभा राहायचो. त्यांनी तुम्हाला पाना कधी हातात दिला का? पत्रावरून तरी तसे दिसत नाही. बॅटरी धरणाऱ्या मुलाला काम समजत नाही. उजेड नीट न पडल्याबद्दल बोलणी मात्र खावी लागतात. अनेक कर्तबगार वडिलांच्या घरी हे असेच चालत आले आहे आणि त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, काम लवकर उरकायचे असते इतकेच. त्या रविवारी तुमचा मुलगा बादली धरून उभा होता. तो महाविद्यालयात जाणारा मुलगा आहे असे तुम्ही लिहिता. त्याला सकाळीच दुसरा पाना हातात देऊन नळाचे अंग धरायला सांगितले असते, तर कदाचित निप्पल वाचले असते. वाचले नसते तरी नुकसान दोघांनी मिळून केलेले असते, आणि मिळून केलेल्या नुकसानावर घरात पुढे हसता येते.

त्याच्याशी बोलायला हवे आणि ते या आठवड्यातच. नळ तुटल्याबद्दल त्याच्याकडे दिलगिरी व्यक्त करण्याचे कारण नाही, ते त्याला नकोही असेल. "त्या दिवशी मी तुला जे बोललो ते चुकीचे होते, तुझा त्यात काहीही दोष नव्हता," एवढे म्हणा, आणि त्याच्या पुढे "पण मी किती तणावात होतो" असे जोडू नका. ते "पण" आले की माफीचे स्पष्टीकरण होते आणि तरुण मुलांना हा फरक मोठ्यांपेक्षा लवकर ओळखता येतो. तो काही बोलला नाही तरी चालेल. उत्तराची अपेक्षा ठेवून उभे राहू नका.

पत्नीच्या किश्शाविषयी मी तुमच्या बाजूने अर्धीच आहे. त्यांनी आधी सांगितले होते, तुम्ही ऐकले नाही, पॅसेजमधले पाणी बहुधा त्यांनी काढले, आणि शेजाऱ्यांचे पहिले बोलणेही त्यांनीच ऐकून घेतले असावे. त्या सगळ्याचा त्यांना हसून निचरा करायचा असेल तर तो करू द्यावा. पण नातेवाइकांसमोर ते ऐकताना तुम्हाला खरोखर त्रास होत असेल, तर गप्प राहून कुढण्यापेक्षा एकांतात तसे सांगा. मात्र सांगण्यापूर्वी "वॉल्व्हचे तू बरोबर म्हणाली होतीस" हे वाक्य एकदा तुमच्या तोंडून निघालेले असावे. क्रम महत्त्वाचा आहे.

पेटी माळ्यावर परत न ठेवता खाली, हाताशी ठेवा. शॉवरच्या जाळीतले क्षार काढणे, बेसिनखालच्या अँगल कॉकला लावलेली नळी बदलणे, फ्लशच्या टाकीतला फ्लोट नीट करणे, दाराची बिजागरी बसवणे ही कामे तुमच्या आवाक्यात आहेत, कारण ती फसली तर काहीही कायमचे बिघडत नाही. अँगल कॉक असलेल्या ठिकाणी पाणी तिथल्या तिथे बंद करता येते; पण तो खरोखर पूर्ण बंद होतो का, हे नळी सोडण्यापूर्वी तपासा आणि होत नसेल तर त्या दिवशी काम करू नका. भिंतीच्या आतले काहीही, जुन्या जीआय पाइपाचे कोणतेही आटे, गॅसची जोडणी आणि गीझरची वायरिंग यांना हात लावू नका. तिथे प्लंबरला, इलेक्ट्रिशियनला किंवा गॅस कंपनीच्या माणसाला बोलवा आणि तो काम करत असताना फोन बाजूला ठेवून जवळ उभे राहा. तो कोणता पाना कुठे धरतो, टेप किती फेरे आणि कोणत्या दिशेने गुंडाळतो, कुठे जोर लावतो आणि कुठे अजिबात लावत नाही हे पाहण्यासारखे असते. विचारले तर बहुतेक कारागीर आनंदाने सांगतात. न विचारता वर सूचना दिल्या तर सांगत नाहीत.

शेवटचे काम सोसायटीचे आहे. वॉचमनला तुमच्या लाइनचा वॉल्व्ह लवकर सापडला नाही, म्हणजे गच्चीवरच्या वॉल्व्हवर कुठेही खूण नाही. मी आमच्या सोसायटीच्या समितीवर होते तेव्हा हा विषय बैठकीत काढला की दर वेळी पुढच्या बैठकीवर जायचा, म्हणून तोंडी सांगू नका, सचिवांना लेखी पत्र द्या. प्रत्येक वॉल्व्हला तो कोणत्या विंगचा आणि कोणत्या बाजूचा हे लिहिलेली पत्र्याची चकती तारेने बांधावी, त्याची एक यादी वॉचमनच्या केबिनमध्ये लावावी, आणि सगळे वॉल्व्ह वर्षातून दोनदा पूर्ण बंद करून पुन्हा उघडावेत म्हणजे ते अडकून बसणार नाहीत; जे फिरतच नाहीत ते बदलून घ्यावेत. वॉल्व्ह ओळखून यादी करण्याचे काम तुम्ही स्वतः करण्याची तयारी त्या पत्रातच दाखवा. हिशेबाचा माणूस यादी चांगली करतो, आणि गच्चीवर जाताना मुलाला सोबत येतोस का, असे विचारून पाहायला हरकत नाही.